मच्छरदाणीची जाळी आणि जंतुसंसर्ग: एका तुलनेचे वाचन

धुळे जिल्ह्यातील दोंडाईचाचे शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेत महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचे निर्जंतुक केलेले कापड वापरले. २००३ मध्ये त्यांचा बहुकेंद्री अभ्यास 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त आला. शीर्षकातच 'प्राथमिक' हा शब्द होता, हा प्रामाणिकपणा मला आवडतो. 

जाळीला संसर्ग का होतो, हे आधी पाहू. जिवाणू साधारण १ मायक्रॉनचा, तर त्याला गिळणारी आपली पांढरी पेशी १० मायक्रॉनहून मोठी. छिद्र या दोहोंच्या मधल्या मापाचे असेल, तर चोर आत आणि शिपाई बाहेर. अनेक तंतू पिळून केलेल्या धाग्यातल्या फटीही अशाच. म्हणून एकतंतू, मोठ्या छिद्रांची पॉलिप्रॉपिलीन जाळी पसंत केली जाते. या शस्त्रक्रियांत वापरलेली मच्छरदाणीही एकतंतू होती आणि तिची छिद्रे मिलिमीटरच्या मापाची. म्हणजे रचनेच्या बाजूने तिच्यावर आक्षेप घेता येत नाही.

आक्षेप पदार्थाबाबत आहे. दोंडाईच्याच्या कापडाला सहबहुलक म्हटले गेले, तर युगांडातील चाचणीत रेषीय कमी घनतेचे पॉलिइथिलीन होते. हा पदार्थ १२०-१२५ अंशांच्या आसपास वितळू लागतो. ऑटोक्लेव्हचे १२१ अंश त्याच्या अगदी काठावर आहेत आणि १३४ अंशांच्या चक्रात तर तो टिकणारच नाही. त्यामुळे 'मच्छरदाणी चालते' हे विधान अपुरे आहे. कोणती मच्छरदाणी, किती तापमानाला, किती वेळ, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

युगांडाची चाचणी २०१६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आली. त्यात ३०२ पुरुष होते आणि त्यांना वर्षभर पाहिले गेले. स्वस्त जाळीच्या गटात हर्निया एकदा उलटला, व्यापारी जाळीच्या गटात एकदाही नाही. एकूण गुंतागुंत दोन्हीकडे ३० टक्क्यांच्या आसपास होती. हर्निया उलटण्याबाबत हा निकाल भक्कम वाटतो, खोल संसर्गाबाबत मात्र नाही. स्वतः गणित करून पाहा: संसर्ग १ टक्का की २ टक्के, हा फरक ९५ टक्के विश्वासपातळी आणि ८० टक्के सामर्थ्याने पकडायचा, तर प्रत्येक गटात सुमारे २३०० रुग्ण लागतात. इथे दीडशेच होते. शिवाय जाळीचा संसर्ग कधीकधी वर्ष उलटून गेल्यावर डोके वर काढतो.

तरीही मी टोणगावकरांच्या बाजूने झुकतो. त्यांच्या रुग्णासमोर स्वस्त आणि महाग अशी निवड नव्हतीच; स्वस्त जाळी किंवा मग जाळीशिवाय टाके, एवढेच होते. तुलना त्या टाक्यांशी व्हायला हवी होती.