सायबरपंकमधला देह

सायबरपंक हा विज्ञानकथेचा प्रकार म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सिनेमाच येतो. अखंड पाऊस, निऑनच्या पाट्या, रात्री घातलेले काळे चष्मे. त्या ओढीने माणूस विल्यम गिब्सनची ‘न्यूरोमॅन्सर’ (१९८४) हातात घेतो आणि चाळीसेक पानांत खाली ठेवतो. कोण कुणाशी बोलतंय याचा पत्ता लागत नाही, आणि पानोपानी येणारे नवे शब्द लेखक समजावून सांगायला तयार नाही. जयंत नारळीकर, लक्ष्मण लोंढे वाचून विज्ञानकथेची गोडी लागलेल्या मराठी वाचकाला हे फारच जड जातं. तिथे मूळ कल्पना हात धरून समजावली जाते. गिब्सन परक्या शहरात मध्यरात्री उतरवून निघून जातो.

मी विचारणाऱ्यांना एकच सुचवतो. यंत्रं कशी चालतात हे कळलं नाही तरी बिघडत नाही. माणसांच्या शरीरांचं काय केलंय तेवढं बघत चला. सायबरपंकची सगळी श्रीमंती तिथे आहे.

‘न्यूरोमॅन्सर’चं पहिलंच पान घ्या. जपानमधल्या चिबा शहरातला एक बार, गिऱ्हाइकं बहुतेक परदेशी. रॅट्झ नावाचा बारमन ग्लास भरतोय. त्याचा एक हात कृत्रिम आहे, रशियन लष्करात वापरला जाणारा, मळक्या गुलाबी प्लास्टिकच्या वेष्टनातला. दुसरा मग घ्यायला तो पुढे होतो तेव्हा हातातून किरकिर येते, कारण हात जुना झालाय. तोपर्यंतच्या विज्ञानकथेत असा हात आला असता तर तो चकचकीत असता आणि त्यावर परिच्छेदभर कौतुक झालं असतं. इथे तो भंगाराच्या वाटेवर आहे, मळलाय, आणि बारमधल्या कुणालाही त्याचं काही वाटत नाही. त्या हातामागे एखादं युद्ध असावं, लष्करी सामान बाजारात विकलं गेलं असावं, आणि हा माणूस नवा हात परवडत नाही म्हणून जुन्यावरच भागवत असावा. हे सगळं वाचकाने त्या किरकिरीतून ओळखायचं. भविष्यकाळ येऊन जुनाही झाला, ही जाणीव एका मळक्या प्लास्टिकने करून देणं ही मोठ्या लेखकाची खूण आहे.

नायक केस हा संगणकांच्या जाळ्यात शिरून चोऱ्या करणारा. मालकांनाच लुबाडलं म्हणून त्यांनी त्याला मेम्फिसमधल्या एका हॉटेलात खाटेला बांधलं आणि विष देऊन त्याची मज्जासंस्था बिघडवून टाकली. त्याचे हातपाय शाबूत आहेत, पण सायबरस्पेसमध्ये, म्हणजे त्या जाळ्याच्या आतल्या जगात, आता जाता येत नाही. त्याच्या बिरादरीत शरीराला नुसतं मांस म्हणण्याची रीत आहे, आणि केसला मिळालेली शिक्षा म्हणजे त्या मांसातच राहण्याची. पुढे एका कामासाठी त्याला बरं केलं जातं, पण बरं करणारेच रक्तवाहिन्यांत विषाच्या पिशव्या बसवून ठेवतात. काम वेळेत झालं नाही तर त्या विरघळणार. मालक आणि नोकर यांच्यातल्या करारावर इतकी अंगावर येणारी टीका मी क्वचितच वाचली आहे.

मॉली या नायिकेच्या डोळ्यांवर आरशाची भिंगं कायमची बसवली आहेत, खोबणी पूर्ण बंद. मग ती रडते कशी? कादंबरीत हा प्रश्न एक म्हातारा अब्जाधीश तिला खरोखरच विचारतो. ती सांगते की अश्रूंच्या नळ्या तोंडाकडे वळवल्या आहेत, त्यामुळे ती थुंकते. दोन वाक्यांचा हा संवाद मी अनेकदा वाचला आहे. शस्त्रक्रियेचा तपशील आहे, कोरडा, तांत्रिक. पण दुःखाची जागा तिरस्काराने कशी घेतली, याचं अख्खं चरित्र त्यात आलं आहे.

आणि मग तो प्रसंग. केस यंत्राच्या साहाय्याने मॉलीच्या संवेदनांत शिरतो. ती पाहील ते त्याला दिसतं, तिला लागेल ते त्याला दुखतं. एका इमारतीवरच्या धाडीत तिचा पाय मोडतो. केसला त्याची कल्पना नसते. तो नेहमीसारखा कळ दाबतो आणि मोडलेल्या हाडाच्या वेदनेत जाऊन पडतो. शरीराला तुच्छ मानणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या शरीराची वेदना अशी भोगावी लागते.

गिब्सनला हे सुचलं ते संगणकांच्या अभ्यासातून नाही. ही कादंबरी त्याने साध्या टाइपरायटरवर लिहिली, आणि तेव्हा त्याला संगणकांची फारशी माहिती नव्हती. जन्माने अमेरिकन असलेला हा लेखक कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये राहायला आला होता. तिथल्या व्हिडिओ गेमच्या दुकानांत खेळणारी पोरं त्याने पाहिली. त्यांची शरीरं पडद्याकडे ओढली गेल्यासारखी झुकलेली होती, जणू काचेमागे खरी जागा आहे आणि तिथे शिरायचंय. सायबरस्पेसची कल्पना तिथून आली. म्हणजे तिचंही मूळ देहाच्या एका ठेवणीत आहे. हा शब्द त्याने ‘बर्निंग क्रोम’ या १९८२च्या कथेत पहिल्यांदा वापरला.

गिब्सनच्या मागची माणसंही पाहायला हवीत. रेमंड चँडलरच्या गुप्तहेरकथांमधली ओली, भ्रष्ट शहरं त्याच्या गद्यात दिसतात. जॉन ब्रुनरच्या ‘शॉकवेव्ह रायडर’मध्ये (१९७५) संगणकांच्या जाळ्यातून सरपटणारा प्रोग्रॅम आहे. पुढे खऱ्या संगणकशास्त्रज्ञांनी अशा प्रोग्रॅमला ‘वर्म’ हे नाव दिलं ते या कादंबरीवरून. ही कादंबरी मात्र मला आज रुक्ष वाटते. आल्फ्रेड बेस्टरची ‘द स्टार्स माय डेस्टिनेशन’ (१९५६) अजूनही ताजी आहे. तिचा नायक गली फॉइल सूडापायी स्वतःच्या शरीरात तारा बसवून घेतो. जिभेने दात दाबला की त्याचा वेग कित्येक पटींनी वाढतो आणि भोवतीची माणसं गोठल्यासारखी दिसू लागतात. मॉलीच्या नखांखाली पाती आहेत. या दोघांची नाळ एकच आहे.

पण या सगळ्यांत थोर कथा जेम्स टिपट्री ज्युनियर यांची, ‘द गर्ल हू वॉज प्लग्ड इन’ (१९७३). हे टोपणनाव अ‍ॅलिस शेल्डन या बाईंचं होतं, हे पुष्कळांना नंतर कळलं. कथेतल्या जगात जाहिरातींवर कायद्याने बंदी आहे. म्हणून कंपन्यांनी वेगळा मार्ग काढलाय: सुंदर, लाडकी माणसं लोकांसमोर वावरताना कंपनीच्या वस्तू वापरतात. आज मोबाइलवर दिवसभर चालतं तेच, पन्नास वर्षं आधी लिहिलेलं. पी. बर्क ही कुरूप, आजारी मुलगी आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचते आणि कंपनी तिला उचलते. तिला एका खोलीत यंत्राला जोडलं जातं आणि दूर कुठेतरी असलेलं डेल्फी नावाचं देखणं, स्वतःचं मन नसलेलं शरीर ती चालवू लागते. डेल्फीवर एका तरुणाचा जीव जडतो. त्याला वाटतं, या मुलीला कुणीतरी कैद केलंय, तिला सोडवलं पाहिजे. तो यंत्रापर्यंत पोचतो. तिथे त्याच्यासमोर येते पी. बर्क, तारांनी लगडलेली, त्याच्याकडे हात पसरून. आपण प्रेम करतो ती हीच, हे त्याला ओळखता येत नाही, आणि त्याच क्षणी तो तिचा जीव घेतो.

ही कथा सांगणारा निवेदक उद्धट आहे. वाचकाला टपल्या मारत, बाजारातल्या दलालासारखं बोलत तो गोष्ट पुढे रेटतो. करुणेचा एक शब्द त्याच्या तोंडी नाही, आणि म्हणूनच शेवट सहन होत नाही. सायबरपंकचा सूर गिब्सनच्या अकरा वर्षं आधी या कथेत पुरता लागलेला आहे.

फिलिप के. डिक यांच्या १९६८च्या कादंबरीवरून निघालेला ‘ब्लेड रनर’ १९८२ साली आला. डिक त्याच वर्षी मार्चमध्ये वारले, सिनेमा प्रदर्शित होण्याआधी. गिब्सन तेव्हा ‘न्यूरोमॅन्सर’ लिहीत होता. आपल्या मनातलं शहर पडद्यावर पाहून तो हादरला आणि सिनेमा अर्धवट सोडून बाहेर पडला. मला त्या सिनेमातली डोळ्यांची चाचणी सगळ्यांत मोलाची वाटते. समोरचा माणूस आहे की कृत्रिम, हे ठरवायला त्याची बाहुली मोठी करून पाहतात. माणुसकीचा पुरावा म्हणून शेवटी देहाचा एक अनैच्छिक थरकापच हाती लागतो.

‘न्यूरोमॅन्सर’ निर्दोष नाही. अंतराळातल्या वसाहतीत कथा गेल्यावर उत्तरार्ध ठिकठिकाणी रेंगाळतो, आणि तिथल्या रास्ताफारी माणसांचं चित्रण पाहुण्याच्या नजरेचं आहे. पण त्याच उत्तरार्धात समुद्रकिनाऱ्याचा प्रसंग येतो. केसची मेलेली प्रेयसी लिंडा एका कृत्रिम बुद्धीने रचलेल्या किनाऱ्यावर त्याला भेटते. ती खरी नाही हे त्याला माहीत आहे. तरी तिच्या जवळ गेल्यावर त्याला उमगतं की ज्याला आपण मांस म्हणून हिणवत आलो त्यात माहितीचा इतका अथांग साठा आहे की कुठल्याही जाळ्यात तो मावणार नाही, आणि तो वाचायची विद्या फक्त शरीरालाच येते. सगळी कादंबरी या पानाकडे चाललेली होती, हे तेव्हा कळतं.

सुरुवात कुठून करावी? ‘बर्निंग क्रोम’ याच नावाच्या कथासंग्रहापासून (१९८६). त्यातली ‘जॉनी निमॉनिक’ ही छोटी कथा वाचली की मॉलीची ओळख आधीच होते आणि गिब्सनच्या भाषेला कान सरावतो. मग ‘न्यूरोमॅन्सर’. ती आवडली तर ‘काउंट झीरो’ (१९८६) उघडा. तिची सुरुवात भारतातच होते. टर्नर नावाच्या माणसाला चांदनी चौकात स्फोटाने उडवलं जातं. डॉक्टर त्याला पुन्हा जोडतात, त्याची त्वचा प्रयोगशाळेत वाढवतात आणि डोळे बाजारातून विकत आणतात. अवयवांचा बाजारभाव ठरल्यावर माणूस म्हणजे काय उरतं, याचं उत्तर शोधत ही कादंबरी पुढे जाते.

त्यानंतर पुष्कळ जण नील स्टीव्हन्सनची ‘स्नो क्रॅश’ (१९९२) सुचवतात. ती मजेची आहे, पण मी आधी पॅट कॅडिगन यांची ‘सिनर्स’ (१९९१) वाचायला सांगेन. ब्रूस स्टर्लिंगने १९८६ साली ‘मिररशेड्स’ हा सायबरपंकचा गाजलेला संग्रह काढला तेव्हा त्यात कॅडिगन या एकट्याच बाई होत्या. ‘सिनर्स’मध्ये माणसं मेंदूत खोबण्या करून घेतात आणि थेट जाळ्याला जोडली जातात. त्यांतल्या एकाला पक्षाघाताचा झटका येतो आणि तो झटका तारांवरून जाळ्यात शिरतो, एकामागून एक मेंदू आणि यंत्रं निकामी करत सुटतो. शरीर मागे टाकून निघालेल्या माणसाचा आजार त्याच्याआधी तिथे पोचलेला असतो. कॅडिगन हे सगळं घाईच्या, तुटक वाक्यांत, पाच-सहा माणसांच्या नजरेतून सांगतात. पहिली शंभर पानं धीर धरावा लागतो. तो धरावा.