ही बेरीज कोणी केली?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एक तक्ता केला होता. इंग्लंडमधलं एक काल्पनिक जोडपं. घर तीन लाख पौंडांचं, नवऱ्याचं पेन्शन तीन लाखांचं, एकूण सहा लाख. घर बायकोला, पेन्शन नवऱ्याला. झाली समान वाटणी! गाईड मॅडमनी 'एकूण' या शब्दाभोवती लाल गोल काढला आणि शेजारी लिहिलं, 'ही बेरीज कोणी केली?'

त्या प्रश्नाचं सगळ्यात नीट उत्तर मला 'पेन्शन अ‍ॅडव्हायझरी ग्रुप'च्या २०१९ च्या अहवालात मिळालं. घटस्फोटात पेन्शनचं काय करायचं, हे इंग्लंड आणि वेल्समधले न्यायाधीश, वकील, पेन्शनतज्ज्ञ आणि अभ्यासक यांनी मिळून त्यात मांडलंय. कौटुंबिक कायद्यावर काम करणार असाल तर जरूर वाचा. पण कसा वाचायचा, तेही सांगते.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९९६ पासून तिथल्या न्यायालयाला पेन्शनच्या हप्त्यातला काही भाग माजी जोडीदाराकडे वळवता येऊ लागला. पण पेन्शनधारक वारला की तो हप्ता थांबायचा, घेणाऱ्याने पुन्हा लग्न केलं तरी थांबायचा. म्हणून १९९९ चा कायदा आला आणि १ डिसेंबर २००० पासून पेन्शनचा ठरावीक टक्के हिस्सा तोडून दुसऱ्याच्या स्वतःच्या नावावर करता येऊ लागला. त्याच वर्षी 'व्हाइट विरुद्ध व्हाइट' खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं, की ठरवलेली वाटणी समानतेच्या मापाने एकदा तपासून बघा.

पण समान काय? आजची रक्कम, की म्हातारपणी दरमहा हातात येणारं उत्पन्न? अहवालाची खरी ताकद हा फरक लावून धरण्यात आहे. न्यायालयात पेन्शनची किंमत म्हणून जो आकडा येतो, तो 'रोख सममूल्य' असतो. म्हणजे सभासद आज योजना सोडून गेला तर योजना त्याच्या हक्कापोटी किती रक्कम पुढे वर्ग करेल, तो आकडा. एक पेन्शन पगारावर ठरलेलं, मरेपर्यंत हमीचं, महागाईबरोबर वाढणारं. दुसरं म्हणजे नुसता गुंतवणुकीचा साठा, बाजारावर अवलंबून. दोघांचं सममूल्य तीन-तीन लाख असलं, तरी त्यातून मिळणारं उत्पन्न सारखं असेलच असं नाही. त्यात घराची किंमत मिळवणं तर आणखी धाडसाचं.

माझ्या तक्त्यातल्या बाईचंच बघा. पंचेचाळिसाव्या वर्षी तिला डोक्यावर छप्पर हवं होतं, मुलं लहान होती, घर घेणं शहाणपणाचंच वाटलं. सत्तराव्या वर्षी तिच्याकडे घर आहे आणि सरकारी पेन्शन. विटा विकून रोजची भाजी आणता येत नाही. कागदावर मात्र दोघांना सारखंच मिळालं होतं.

आता माझी तक्रार. घराच्या बदल्यात पेन्शन सोडताना किती सूट धरायची, यावर अहवाल एकच पद्धत देत नाही, पर्याय मांडतो. हे प्रामाणिक आहे, पण अडचण उरतेच. ज्याला तज्ज्ञाची फी परवडते त्याला आकडेमोड मिळते, बाकीचे अंदाजाने सौदा करतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. असा अहवाल न्यायालयापर्यंत पोहोचलेल्यांच्या कामाचा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या 'फेअर शेअर्स' अभ्यासाने २,४१५ घटस्फोटितांची पाहणी केली. त्यात आर्थिक आदेश घेतलेले साधारण एक तृतीयांशच निघाले. बाकीच्यांचं पेन्शन कुठल्या फाइलमध्ये शोधणार? उत्तम नियमावली आणि लोकांचं वागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रबंधात त्यांची गल्लत करू नका.

आणि हो, भारतावर काम करणार असाल तर हा प्रश्न जसाच्या तसा उचलून आणू नका. हिंदू विवाह कायद्यात कलम २५ खाली कायमची पोटगी ठरवताना पेन्शन उत्पन्न म्हणून विचारात येऊ शकतं, पण पेन्शनचा हक्कच कापून दुसऱ्याच्या नावावर करण्याची इंग्लंडसारखी तरतूद त्यात नाही. तिथला प्रश्न 'किती टक्के?' असा आहे. आपल्याकडे त्याआधीचा प्रश्न विचारावा लागतो: पेन्शन ही दोघांच्या संसारातून उभी राहिलेली मालमत्ता आहे, की एकट्याची कमाई?

तो तक्ता मी फाडला नाही. टेबलासमोर लावून ठेवलाय. तुमच्या प्रबंधातही 'एकूण' असा रकाना असेलच. आज तो उघडा आणि बघा, ती बेरीज तुम्ही केली आहे की कुणीतरी आयती हातात दिली आहे.