एक नाममुद्रा, अनेक कर्ते : नामदेव आणि कर्तृत्वाचा प्रश्न

नामसाधर्म्य हा चरित्रकोशकाराच्या दृष्टीने निरसनाचा विषय असतो. वाङ्मयेतिहासात मात्र तो कर्तृत्वाच्या कल्पनेलाच भिडतो. नामदेव हे त्याचे लक्षणीय उदाहरण होय.

परंपरेनुसार नामदेवांचा काळ 1270 ते 1350 असा मानला जातो. सोळाव्या शतकात, एकनाथांच्या काळात, ओवीबद्ध महाभारत रचणारा विष्णुदास नामा होऊन गेला. त्याचे अभंग नामदेवांच्या गाथेत मिसळले आहेत, असे अभ्यासकांचे मत आहे. 'विष्णुदास' हे पद कोणाही वैष्णवाला शोभणारे असल्याने केवळ मुद्रेवरून कर्ता ठरत नाही. भाषारूपाची साक्षही निर्णायक नाही. कारण उपलब्ध हस्तलिखिते नामदेवांनंतर बऱ्याच काळाने सिद्ध झालेली असून मौखिक परंपरेत भाषा पालटत जाते.

या संदर्भात 1604 मध्ये गुरू अर्जुनदेवांनी सिद्ध केलेल्या आदिग्रंथाची तुलना उद्बोधक ठरते. त्यात नामदेवांच्या नावावरील सुमारे साठ पदे आहेत. त्याच ग्रंथात पाच गुरूंच्या रचना 'नानक' या एकाच मुद्रेने येतात. तेथे नाव जाणीवपूर्वक सामायिक आहे. परंतु 'महला' या संज्ञेपुढील क्रमांक प्रत्यक्ष कर्ता नोंदवितो. पुढे गुरू तेगबहादुरांच्या रचना समाविष्ट करतानाही हाच संकेत पाळला गेला. म्हणजे मुद्रा परंपरेची आणि क्रमांक व्यक्तीचा, अशी दुहेरी व्यवस्था तेथे आहे. वारकरी गाथांना असा संपादकीय संकेत लाभला नाही.

ख्रिश्चन नोव्हेत्झके यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नामदेवांकडे कीर्तनातून घडत गेलेल्या सार्वजनिक स्मृतीच्या अंगाने पाहिले. 'खरा नामदेव कोणता?' एवढ्यापुरत्या सीमित झालेल्या चर्चेला या दृष्टीने निश्चितच व्यापकता लाभते. मात्र तिचा सरसकट अवलंब केल्यास विष्णुदास नाम्यासारखा कवी थोर नामधारकाच्या छायेत लुप्त होण्याचा धोका संभवतो. परंपरेने नाव सामायिक मानले, म्हणून इतिहासकाराने कर्तेही एकच मानावेत असे नाही.

तेव्हा संपादकाने संशयित अभंग गाथेतून वगळणे जितके अनुचित, तितकेच ते निःशंकपणे एकाच कवीच्या नावे छापणेही अनुचित होय. मुद्रा, हस्तलिखिताचा काळ आणि संग्रहाचे स्थान यांची प्रत्येक अभंगापुढे स्वतंत्र नोंद व्हावी. 'महला'चा क्रमांक जे कार्य करतो, तेच मराठी पाठचिकित्सेला आज या नोंदीतून साधावे लागेल.