छप्पन्न फुटांचा संसार

बोटीचंही रसग्रहण करता येतं, पण त्यासाठी ती कुणी, कुणासाठी आणि कुठं उभं राहून बांधून घेतली हे आधी पाहावं लागतं. विकत घेतलेल्या तयार बोटीत राहणाऱ्याला जागा मिळते. मागणीवरून बांधलेल्या बोटीत त्याचा स्वभाव उतरतो. भारतीय नौदलाची 'म्हादेई' ही दुसऱ्या जातीतली. मराठी माणसानं बांधून घेतलेल्या आणि मराठी माणसानंच घडवलेल्या शिडाच्या बोटींत मला तिच्याइतकी वाचनीय दुसरी दिसत नाही.

तिचं पहिलं पान आमच्याच बाजूला, समुद्रापासून लांब लिहिलं गेलं. पुणे जिल्ह्यातल्या आमच्या कळंबहून नीरेच्या काठानं पश्चिमेला वर जाऊ लागलं की पैलतीरावर आधी माळशिरस आणि मग फलटण तालुका लागतो. त्या फलटण तालुक्यातल्या विंचुर्णी गावात व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहिले. 1971च्या युद्धात ते 'कमोर्टा' या युद्धनौकेचे कप्तान होते आणि त्यांना वीरचक्र मिळालं होतं. भारतीय माणसानं एकट्यानं, शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी आणि ती बोट भारतातच बांधलेली असावी, हा ध्यास त्यांचा. पर्जन्यछायेतल्या मुलखाला समुद्राचं वेड नवं नाही. कळंबला लागून वालचंदनगर वसवणाऱ्या वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही आगबोट 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून इंग्लंडला निघाली होती. तेव्हा प्रश्न मालकीचा होता: जहाज आपलं असावं. आवटींनी त्यात बांधणीची अट घातली, आणि 'म्हादेई'चं सगळं सौंदर्य मला त्या अटीतून आलेलं दिसतं.

कमांडर दिलीप दोंदे 2006 साली या कामासाठी पुढं आले. ते नौदलातले पाणबुडे. बोट खालून कशी दिसते हे त्यांना पुरतं ठाऊक, पण महासागरात एकट्यानं शीड हाकारण्याचा अनुभव नव्हता. गोव्यात दिवाडी बेटावर फायबरच्या बोटी बांधणाऱ्या रत्नाकर दांडेकरांनीही असली बोट यापूर्वी बांधलेली नव्हती. आराखडा नेदरलँड्सच्या व्हॅन द स्टाट या नामांकित कचेरीचा होता, पण आराखड्यातल्या रेघेला लाकूड लावायचं काम नवखेपणातूनच शिकायचं होतं. दोंदे गोव्यात जाऊन राहिले आणि बांधणीच्या जागेवर उभे राहिले. घर पाहावं बांधून म्हणतात ते इथं शब्दशः लागू पडलं. फरक इतकाच की या घराची एखादी फट राहून गेली तर ती कळणार होती दक्षिण महासागरात, आणि तिथं हाकेला ओ देणारं कुणी नव्हतं.

आता तिचं अंग पाहू. लांबी 56 फूट, वजन सुमारे 23 टन. आत सिडार लाकडाच्या अरुंद पट्ट्या, कडेला कड चिकटवलेल्या, आणि त्यावर आतून-बाहेरून काचेच्या तंतूंचं कापड इपॉक्सीत भिजवून बसवलेलं. अशी बोट बहुधा पालथी घालून बांधतात. साच्याच्या आडव्या फळ्यांवरून एकेक पट्टी वाकवत न्यायची, नाळेपाशी तिला पीळ द्यायचा, डिंक सुकेपर्यंत धरून ठेवायची आणि मग पुढची. घाई केली की पट्टी फुगते, वळणाला खोट येते, आणि ती खोट वर कितीही रंग चढवला तरी तिरप्या उन्हात दिसते. त्यात गोव्याचा पावसाळा. ओल ही इपॉक्सीची वैरीण. हवेत दमटपणा फार असेल तर पृष्ठभाग चिकट राहतो, पुढचा थर नीट धरत नाही. म्हणजे दिवस पाहून, हवा पाहून काम करायचं. 'म्हादेई'च्या कुशीवरून नजर फिरवली की नाळेपासून मागपर्यंत ती कुठं अडखळत नाही. तो देखणेपणा आराखड्यातून अर्धाच आला. उरलेला अर्धा दिवाडीच्या कारागिरांच्या हातातून आला, आणि त्यांची नावं फारशी कुणाला ठाऊक नाहीत याची मला खंत वाटते.

12 फेब्रुवारी 2009 रोजी ती नौदलात दाखल झाली. नाव तिथल्या मांडवी नदीचंच, तिच्या वरच्या अंगाला लोक जे वापरतात ते. ज्या नदीच्या पाण्यात ती पहिल्यांदा तरंगली तिचंच नाव घेऊन ती केप हॉर्नला वळसा घालून आली.

मात्र खरं रसग्रहण आतलं आहे. दोंदेंसाठी हे राहण्याचंही घर होतं आणि कामाची जागाही, आणि दोन्हींत भिंत घालायला जागा नव्हती. ऊसतोड टोळी फडाशेजारीच कोपी घालते, तसं इथं काम आणि बिऱ्हाड एकाच छपराखाली. जिथं नकाशा पाहायचा तिथून दोन पावलांवर चूल. अशा बोटीतली चूल झुलती असते. बोट कलंडली तरी भांडं सपाट राहतं. झोपायच्या फळीला कडेनं कापडाची आड असते, नाहीतर माणूस झोपेत घरंगळतो. कोपरे गोलावलेले आणि हात जाईल तिथं धरायला दांडी. हे सगळं शोभेसाठी केलेलं नाही, तरी नीट पाहिलं तर प्रत्येक गोष्टीला माणसाच्या शरीराचं माप आहे. हाउसबोट सजवणारे लोक मोठ्या खिडक्या, पडदे, दिवाणखाना मागतात. त्यात वाईट काही नाही. पण तिथं बोट पाहुण्यासाठी घडते. 'म्हादेई' घडली ती रात्री दोनला, अंधारात, भिजलेल्या हातानं, एकट्यानं दुरुस्ती करू शकणाऱ्यासाठी. तारा कुठून गेल्या, पाण्याची नळी कुठं वळली, कुठला बोल्ट कुठल्या फळीमागं आहे, हे तिच्यात राहणाऱ्याला बांधतानाच पाठ झालेलं होतं. पैसे देऊन बोट मिळते. ही ओळख मिळायला बांधणीच्या शेडमध्ये धूळ खावी लागते.

ओळख पक्की करायला दोंदे आधी सहकाऱ्यांबरोबर मॉरिशसला गेले आणि तिथून गोव्यापर्यंत एकटे परतले. मग 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबई सोडली. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केप टाऊन असे चार मुक्काम करून 19 मे 2010 रोजी मुंबईत परत. पृथ्वीप्रदक्षिणा एकट्यानं शिडाखाली पुरी करणारे ते पहिले भारतीय. जवळजवळ तीन वर्षांनी नौदलातलेच अभिलाष टॉमी याच बोटीतून न थांबता प्रदक्षिणा करून आले. दुसरा माणूस त्याच घरात राहून आणखी अवघड काम करून येतो, तेव्हा बांधणी एकाच्या लकबीपुरती नव्हती हे सिद्ध होतं.

या गोष्टीला एक जुना मुंबईकर धागाही आहे. दोंदेंना मार्गदर्शन करणारे सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहेली' ही 32 फुटांची सागवानी बोट मुंबईत, कुलाब्याला बांधून घेतलेली होती. तिच्यातूनच त्यांनी 1968-69 साली, 312 दिवसांत, जगातली पहिली एकट्याची विनाथांबा प्रदक्षिणा पुरी केली. पुढं दांडेकरांनी 'सुहेली'च्या आराखड्यावर टॉमींसाठी 'थुरिया' बांधली. सप्टेंबर 2018 मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात ती उलटली, डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर मार बसला. पण बोट बुडाली नाही. तीन दिवसांनी फ्रेंच जहाज 'ओसिरिस' पोचलं तेव्हा ते आपल्या बर्थवरच पडून होते, आणि बोट त्यांना सांभाळून होती. दिवाडीच्या कामाबद्दल याहून मोठी पावती मला ठाऊक नाही.

'म्हादेई'च्याच आराखड्यावर दांडेकरांनी 'तारिणी' बांधली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि पाच सहकारी महिला अधिकारी 10 सप्टेंबर 2017 ते 21 मे 2018 या काळात तिच्यातून जग फिरून आल्या. एकट्या माणसानं वापरलेलं माप सहाजणींनी वाटून घेतलं: पाळीपाळीनं पहारा, पाळीपाळीनं झोप, पाळीपाळीनं स्वयंपाक. 2024-25 मध्ये दिलना आणि रूपा या दोघी नौदल अधिकारीच तिला घेऊन निघाल्या, तेव्हा तेच माप पुन्हा सैल झालं. चुलीची जागा तीच, फळ्या त्याच, आणि एक, सहा, दोन अशा तिन्ही संसारांना आराखडा पुरून उरला.