‘बर्मीज डेज’ : तिरस्काराच्या उतरंडीचे परिशीलन

जॉर्ज ऑर्वेल यांची ‘बर्मीज डेज’ ही कादंबरी १९३४ साली प्रथम न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाली. अब्रूनुकसानीच्या दाव्याच्या धास्तीने लंडनमध्ये ती लगेच निघू शकली नाही; काही नावे बदलून तेथील आवृत्ती पुढच्या वर्षी आली. गोऱ्या लेखकाने गोऱ्यांच्याच वंशद्वेषावर ओढलेला आसूड, अशी या कादंबरीची ख्याती आहे आणि ती अस्थानी नाही. परंतु बौद्ध वाचकाने तिच्याकडे केवळ तेवढ्याचसाठी वळावे, असे आम्हांस वाटत नाही. वसाहतीतील तिरस्कार म्हणजे गोरा आणि काळा यांच्यामधील एकच भिंत नव्हे; ती एकावर एक रचलेली उतरंड आहे, हे या कादंबरीत पानोपानी दिसते. लेखकाला या उतरंडीची वरची मडकी स्वच्छ दिसली. खालच्या मडक्यांपाशी मात्र त्याची नजर अडखळली. आमचे म्हणणे मुख्यतः या अडखळण्याविषयी आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. ऑर्वेल यांचा जन्म १९०३ साली बिहारमधील मोतीहारी येथे झाला. वडील सरकारच्या अफू खात्यात नोकरीस होते. १९२२ ते १९२७ अशी पाच वर्षे त्यांनी स्वतः ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी म्हणून काढली. शेवटची नेमणूक उत्तरेकडील कथा या गावी होती. कादंबरीतील ‘चौकटाडा’ हे गाव त्यावरूनच घेतलेले आहे. १८८५ च्या युद्धानंतर इंग्रजांनी ब्रह्मदेशाचे उरलेले राज्यही गिळले आणि राजा थिबा यास रत्नागिरीस आणून ठेवले. तेथेच १९१६ साली तो वारला. पुढे १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा हिंदुस्थानचाच एक प्रांत म्हणून चालविला गेला. ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. ब्रह्मदेशात हिंदी मनुष्य हा इंग्रजांचा गुलाम होता खरा, परंतु तो इंग्रजांच्या पाठोपाठ आला होता. शिपाई, कारकून, डॉक्टर, हमाल, सावकार या सर्व रूपांनी आला होता. ब्रह्मी माणसाच्या दृष्टीने परके दोन होते.

कादंबरीचे कथानक एका क्लबाभोवती फिरते. चौकटाड्यात मूठभर युरोपीय आहेत आणि त्यांचा क्लब हेच त्या गावातील सत्तेचे खरे देवालय आहे. एतद्देशीयांपैकी एकास तरी सभासद करून घ्यावे, अशी सरकारी सूचना येते आणि तेथून सारे नाट्य सुरू होते. लाकूडकंपनीचा एलिस हा उघड आणि ओंगळ वंशद्वेष्टा. क्लबाचा खानसामा इंग्रजी फार चांगले बोलू लागला, याचाही त्याला संताप येतो. ज्यांना शिकण्याचा अधिकारच नाकारला गेला होता, त्यांच्या वारसांना या प्रसंगाचे विवरण करून सांगण्याची गरज नाही. फ्लोरी हा नायक मनाने साम्राज्याचा शत्रू. हिंदी डॉक्टर वीरस्वामी यांच्या ओसरीवर बसून तो साम्राज्याला शिव्या घालतो. पण एतद्देशीयांना क्लबात घेऊ नये, या सूचनापत्रावर सही करण्याची वेळ येते तेव्हा तो मुकाट्याने सही करतो. आपल्या मित्राचा अपमान तो पूर्ण जाणिवेने करतो. ऑर्वेल यांचे सामर्थ्य येथे आहे. एलिससारखा माणूस रंगविणे सोपे असते. फ्लोरीसारख्या सहृदय माणसाची सही दाखविणे अवघड. आपल्याकडे खासगीत जातिभेद निंद्य मानणारे आणि सभेत मौन पाळणारे पुष्कळ सज्जन होऊन गेले. त्यांच्या ओळखीचे हे पात्र आहे.

आता वीरस्वामींच्या ओसरीवरील प्रसंग पाहावा. आमच्या मते संपूर्ण कादंबरीत इतका मर्मभेदक प्रसंग दुसरा नाही, आणि समीक्षकांनी त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले आम्हांस दिसले नाही. गोऱ्यांच्या चर्चची राखण करणारा मट्टू नावाचा एक म्हातारा हिंदू दरवान ओसरीखाली येऊन उभा राहतो. तापाने खंगलेला, अंगावर धड वस्त्र नाही, असा हा माणूस. डॉक्टर त्याच्याकडे चार आणे टाकतात. आणि डॉक्टर त्या लाचारीने वाकलेल्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवून पौर्वात्यांच्या अधःपाताचा दाखला देतात! बोट दाखविणारा हिंदी आहे, ज्याच्याकडे दाखविले तोही हिंदी आहे, आणि ज्याला दाखविले तो गोरा आहे. डॉक्टर स्वभावाने प्रेमळ, कर्तव्यदक्ष, रुग्णांची सेवा करणारे आहेत. तरीही क्लबाच्या दारापर्यंत पोहोचण्यासाठी मट्टूपासून आपले अंतर सिद्ध करणे त्यांना भाग पडते.

बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेचे जे विश्लेषण केले, त्याचा गाभा हाच होता. वर जावे तसा आदर वाढत जातो आणि खाली यावे तसा तिरस्कार वाढत जातो. मधल्या प्रत्येक पायरीवरील माणसाला तुडविण्यासाठी कोणीतरी खाली मिळत असल्याने संपूर्ण रचनेविरुद्ध एकजूट होत नाही. हे विवेचन चातुर्वर्ण्याविषयी होते. ऑर्वेल यांच्या डोळ्यांसमोर त्या वेळी बाबासाहेबांचे लेखन असण्याचा संभव फारच थोडा. तरीही चौकटाड्याची रचना त्या सूत्रात तंतोतंत बसते. फ्रान्सिस आणि सॅम्युएल हे दोन मिश्रवंशीय घ्या. पिता गोरा मिशनरी, माता एतद्देशीय. डोक्यावर ऊन लागो न लागो, साहेबी टोपी कायम. उन्हाचा आपल्याला गोऱ्यांइतकाच त्रास होतो, हे ते एलिझाबेथला किती आर्जवाने सांगू पाहतात! आणि ती नवखी तरुणी, देशात येऊन थोडेच दिवस झालेले असताना, त्यांच्याकडे पाहून नाक मुरडते. मायदेशी जिला कोणी विचारीत नव्हते, तिला येथे पाऊल ठेवताच वरची पायरी आयती मिळाली.

या कादंबरीवर बौद्ध वाचकांचा एक आक्षेप संभवतो, त्याचा विचार केलाच पाहिजे. यातील खलनायक ऊ पो चिन हा बौद्ध आहे. लाच, निनावी पत्रे, बनावट बंड अशा मार्गांनी तो वर चढतो, आणि आयुष्याच्या अखेरीस पॅगोडे बांधून सर्व पापांचा हिशेब चुकता करू, असा त्याचा बेत असतो. एकही पॅगोडा बांधून होण्याआधीच मृत्यू त्याला गाठतो. हा धम्माचा उपहास आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. पुण्याला जमाखर्चाची वही मानणारी ही वृत्ती धम्म नव्हे, हे बाबासाहेबांच्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाने शिकलेल्या वाचकाला दुसऱ्या कोणी सांगण्याची आवश्यकता नाही. ऊ पो चिनवर हसणाऱ्या लेखकाशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते याविषयी की, या बौद्ध देशात ऊ पो चिनच्या पलीकडे जवळजवळ कोणी माणूसच लेखकाला दिसला नाही. त्याची पत्नी मा किन ही एकटी नवऱ्याला या कारस्थानांबद्दल हटकते. तिला मोजकी पाने मिळतात. फ्लोरीने तीनशे रुपयांना विकत घेतलेली मा ह्ला मे हिच्यावरील अन्याय लेखकाला समजतो, परंतु तिचे मन त्याला समजत नाही. भिक्षू दिसतात ते रस्त्यावरचा पिवळा रंग म्हणून.

ज्यांना आतून पाहिलेला ब्रह्मी माणूस हवा असेल, त्यांनी मा मा ले या लेखिकेची १९५५ सालची कादंबरी मिळवावी. तिच्या नावाचा अर्थ ‘द्वेषापोटी नव्हे’ असा आहे आणि १९९१ साली तिचा इंग्रजी अनुवाद निघाला. तीत गोऱ्यांचा क्लब नाही. इंग्रजी कंपनीचा ब्रह्मी अंमलदार आपल्या ब्रह्मी पत्नीला प्रेमानेच साहेबी वळण लावू पाहतो आणि त्या प्रेमाखाली ती गुदमरत जाते. क्लब येथे माजघरात शिरलेला आहे.

पुन्हा ऑर्वेलकडे येऊ. चौकटाड्याची लोकसंख्या सांगताना लेखक म्हणतो की, सुमारे चार हजार वस्तीत दोनएकशे हिंदी आहेत. या दोनशेंपैकी वाचकाला भेटतात किती? डॉक्टर, खानसामा, मट्टू, आणि बाजाराजवळ झाडावर राहून टोपलीने अन्न वर ओढून घेणारा एक फकीर. त्या काळच्या ब्रह्मदेशातील खरा प्रश्न यांपैकी कोणाच्याच वाट्याला आलेला नाही. १९३१ च्या शिरगणतीत रंगून शहरातील निम्म्याहून अधिक लोक हिंदी होते. देशभरातील हिंदी लोकांची संख्या दहा लाखांवर गेली होती. मंदीच्या काळात खालच्या ब्रह्मदेशातील भाताची शेते कर्जापोटी चेट्टियार सावकारांकडे गेली. १९३७ च्या सुमारास तेथील मुख्य भातपिकाच्या जिल्ह्यांत जवळजवळ चौथा हिस्सा जमीन त्यांच्या नावावर होती. मे १९३० मध्ये रंगूनच्या बंदरावरील तेलुगू हमालांनी संप केला. मालकांनी ब्रह्मी मजूर आणून संप मोडला. तडजोड होताच त्याच ब्रह्मी मजुरांना हाकलून जुन्या हमालांना परत घेतले. दंगल उसळली आणि शंभराहून अधिक माणसे मारली गेली; त्यांत बहुसंख्य हिंदी हमाल होते. मालक सुरक्षित राहिले. कादंबरी प्रसिद्ध होण्याच्या चार वर्षे आधीची ही घटना आहे. त्या वेळी ऑर्वेल इंग्लंडमध्ये होते हे मान्य. परंतु ब्रह्मदेशात पाच वर्षे पोलिसी केलेल्या माणसाला या आगीचा वास आला नसेल, हे पटत नाही.

ब्रह्मी भाषेत पश्चिमेकडून आलेल्या परक्याला ‘कला’ म्हणत. व्युत्पत्ती विवाद्य आहे. एके काळी हा शब्द गोऱ्यांनाही लागू होता. त्यांना ‘पांढरे कला’ म्हणत. कालांतराने गोऱ्यांवरील तो शब्द झिजून गेला आणि हिंदी माणसावर शिवीसारखा चिकटून राहिला. हिंदी लोकही निर्दोष नव्हते. समुद्र ओलांडताना सवर्णांनी आपली शिवाशीव सोबतच नेली, आणि ब्रह्मी माणसाला आळशी व उधळ्या ठरविण्यात सावकारांना आणि कारकुनांना साहेबाचेच शब्द पुरले.

ही उतरंड इंग्रजांनी रचली, परंतु ते गेल्यावर ती फुटली नाही. १९४२ साली जपानी सैन्य येताच चार लाखांहून अधिक हिंदी लोक डोंगर-जंगलांतून पायी आसामकडे निघाले. हजारो वाटेत मेले. गोऱ्यांसाठी एक वाट आणि काळ्यांसाठी दुसरी ठेवली गेली, असा आरोप त्या वेळी हिंदी नेत्यांनी केला होता. १९६२ साली ने विन यांनी सत्ता घेतली. दुकाने व उद्योग यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि सुमारे तीन लाख हिंदी लोकांना जवळजवळ रिकाम्या हातांनी देश सोडावा लागला. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने नागरिकांच्या तीन प्रती ठरविल्या. १८२३ पूर्वीपासून या भूमीत असलेल्या जमातीचे ते पूर्ण नागरिक, बाकीचे त्याखाली. नागरिकत्वाचीच उतरंड! रोहिंग्या मुसलमानांना त्या जमातींच्या यादीतच स्थान नाही. २०१७ साली त्यांतील सात लाखांहून अधिक लोक सैन्याच्या अत्याचारांमुळे बांगलादेशात पळाले. काही चीवरधारींनी या द्वेषाचा प्रचार व्यासपीठावरून केला, हे लपविण्यात अर्थ नाही.

मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्तात ब्राह्मण तरुण वर्णश्रेष्ठत्वाचा दावा मांडतो, तेव्हा तथागत त्याला परदेशाचा दाखला देतात. यवन आणि कंबोज या प्रदेशांत आर्य आणि दास असे दोनच वर्ग आहेत. तेथे आर्याचा दास होतो आणि दासाचा आर्य होतो, हे तू ऐकले आहेस ना, असे ते विचारतात. परका देश येथे हिणविण्यासाठी उल्लेखिलेला नाही. आपल्या घरची रचना सनातन नाही, हे सिद्ध करण्यासाठी साक्षीला बोलाविला आहे. परक्याकडे पाहण्याची ही दृष्टी ज्या देशात सहावी संगीती भरली, त्या देशाच्या कायद्यात उतरली नाही.

ब्रह्मदेशाचे आमच्यावरील ऋण मोठे असल्याने हे लिहिताना आमचा हात अडखळतो. डिसेंबर १९५४ मध्ये रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेस बाबासाहेब गेले होते. इगतपुरीस विपश्यना आणणारे गोएंका मंडाले येथे जन्मले आणि ज्या ऊ बा खिन यांच्याकडे ते शिकले ते ब्रह्मी सरकारी अधिकारी होते. (विपश्यनेविषयी आपल्यात मतभेद आहेत; तो वाद येथे नको.) २०१७ साली आम्ही स्वतः या विषयावर एक ओळही लिहिली नाही. बौद्ध देशाची निंदा केली तर विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल, असे आम्ही मनाशी म्हटले. फ्लोरीच्या सहीचा प्रसंग पुन्हा वाचला तेव्हा आम्हांस ते कारण आठवले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांना धम्मदीक्षा देणारे चंद्रमणी महास्थविर हे कुशीनाराचे म्हणून आपण ओळखतो. त्यांचा जन्म आराकानातील अक्याब येथला. त्या दिवशी दीक्षाभूमीवर कोणी त्यांना परके म्हटले नाही. अक्याबचे नाव आता सित्वे आहे. २०१२ सालच्या दंगलींत त्या शहरात आणि भोवतालच्या प्रदेशात लाखाहून अधिक माणसे, बहुतांशी रोहिंग्या, घरांतून उठविली गेली आणि शहराबाहेरच्या छावण्यांत नेऊन ठेवली गेली.