वर्तुळ कशाने पडले?

पदवीच्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या परिषदेत संशोधन मांडणे आता नवलाईचे राहिलेले नाही. राज्यात 'आविष्कार'सारखे आंतरविद्यापीठ संमेलन भरते आणि त्यात त्यांचा वेगळा गट असतो. हे चांगलेच आहे. आमची तक्रार मुलांच्या उत्साहाबद्दल नाही. अशा ठिकाणी कशाला दाद मिळते, याबद्दल आहे.

वेगवेगळ्या परिषदांत परीक्षक म्हणून हिंडताना एक भित्तिपत्रक आम्हांला हटकून भेटते. तुळस, कडुनिंब किंवा अडुळशाच्या पानांचा अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क. पेट्री बशीतल्या अगारवर जिवाणू पसरायचे, अगारमध्ये छोटा खळगा पाडून त्यात अर्क घालायचा आणि बशी ३७ अंश सेल्सिअसला दिवसभर ठेवायची. खळग्याभोवती जिवाणू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ दिसते. व्यास १४ मिलिमीटर. निष्कर्ष तयार: अर्क जंतुनाशक आहे!

पण अल्कोहोल स्वतःच जिवाणूंना मारक असते. मग वर्तुळ अर्काने पडले की अल्कोहोलने? त्याच बशीत आणखी एक खळगा पाडून त्यात नुसते अल्कोहोल घातले की उत्तर मिळते. पुष्कळदा तो खळगाच नसतो. शिवाय बशी एकच असते. चार बश्या केल्या आणि व्यास ११, १४, १७, १३ असे आले, तर 'तुळस कडुनिंबापेक्षा २ मिलिमीटरने सरस' या विधानात काय उरते? आणखी एक गोष्ट जरा खोलातली आहे. वर्तुळ केवढे पडेल, हे पदार्थ अगारमधून किती सहज पसरतो यावरही ठरते. हळू पसरणाऱ्या प्रभावी पदार्थाचे वर्तुळही लहानच पडते. वर्तुळांवरून वनस्पतींचे क्रमांक लावणे म्हणूनच धोक्याचे.

हे विचारले की मुले हिरमुसत नाहीत, उलट खुलतात. 'हे आम्हांला कुणी विचारलंच नव्हतं,' असे एका मुलीने सांगितले. आम्ही पाहिलेल्या गुणपत्रकांत नावीन्य, उपयुक्तता, सादरीकरण असे रकाने होते. तुलनेचा प्रयोग केला का, असा रकाना नव्हता. एका विद्यार्थ्याने तो जादा खळगा केला होता. दोन्ही वर्तुळे सारखीच आली आणि त्याने ते प्रामाणिकपणे लिहिले. 'मग यात निष्पन्न काय झाले?' म्हणून तो पुढच्या फेरीत गेला नाही. परीक्षकांत आम्हीही होतो. आमचे मत एकटे पडले.

या सवयीचे मूळ परिषदेत नाही, शाळेच्या प्रयोगवहीत आहे. लंबकावरून गुरुत्वत्वरण काढताना ९.८ च्या जवळ न जाणारे वाचन खोडरबराने पुसायचे, हे मूल आपल्याच वर्गात शिकते. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात एम.ए. करणाऱ्या रामन यांना, लोलकाचा कोन मोजण्याच्या नेहमीच्या प्रयोगात, प्रकाशाचे पट्टे दोन्ही बाजूंना सारखे दिसेनात. ते त्या विसंगतीच्याच मागे लागले. त्यातून १९०६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांचा पहिला निबंध 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये आला. उपकरण कॉलेजातले नेहमीचेच होते.

शिक्षकांना आमची विनंती एवढीच आहे: येत्या सत्रात एका तरी प्रयोगाला, न जुळलेले वाचन वहीत तसेच ठेवून त्याचे संभाव्य कारण लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत.