कृती, अभिव्यक्ती आणि प्रत : ग्रंथालयीन तालिकेच्या संकल्पनात्मक प्रतिमानाची चिकित्सा

प्रास्ताविक

महाविद्यालयीन ग्रंथालयाच्या संगणकीय तालिकेत ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द दिला असता पडद्यावर नोंदींची एक लांबलचक यादी येते. संहिता, सार्थ आवृत्ती, निवडक ओव्या, इंग्रजी भाषांतर, त्यावरील समीक्षा हे सर्व एकाच पातळीवर, बहुधा दाखलक्रमांकाच्या अथवा वर्णानुक्रमाच्या आधाराने उभे असते. यांपैकी कोणते एकाच ग्रंथाचे रूप आहे आणि कोणते स्वतंत्र लेखन, हे तालिका सांगत नाही. तालिकेने ग्रंथ शोधून द्यावाच, शिवाय संबंधित ग्रंथ एकत्र आणून आवृत्तीच्या निवडीस साहाय्य करावे, अशी अपेक्षा चार्ल्स कटर यांनी १८७६ मध्येच मांडली होती. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे डॉ. रंगनाथन यांचे चौथे सूत्रही (१९३१) याच दिशेचे आहे. ही अपेक्षा पूर्ण करण्यासाठी पुढे आलेल्या संकल्पनात्मक प्रतिमानाची मराठी ग्रंथपरंपरेच्या संदर्भात चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रतिमानाचे स्वरूप

‘इफ्ला’ या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९८ मध्ये ‘फंक्शनल रिक्वायरमेंट्स फॉर बिब्लिओग्राफिक रेकॉर्ड्स’ (एफआरबीआर) हा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात ग्रंथाकडे चार स्तरांवर पाहिले आहे. लेखकाची अमूर्त निर्मिती म्हणजे कृती. तिचे विशिष्ट शब्दरूप म्हणजे अभिव्यक्ती. त्या शब्दरूपाचे विशिष्ट प्रकाशन म्हणजे प्रकटीकरण. आणि कपाटातील, दाखलक्रमांक असलेली एकेक वस्तू म्हणजे प्रत. शोधणे, ओळखणे, निवडणे व मिळवणे ही वाचकाची चार कार्ये मानून प्रत्येक वर्णनघटक त्यांच्याशी जोडला आहे. २०१७ मध्ये ‘लायब्ररी रेफरन्स मॉडेल’ (एलआरएम) या सुधारित प्रतिमानाने त्याची जागा घेतली आणि ‘धांडोळा घेणे’ हे पाचवे कार्य जोडले.

या मांडणीचे श्रेय निःसंशय मोठे आहे. पूर्वीच्या नियमावल्या ‘नोंद कशी लिहावी’ हे सांगत. या प्रतिमानाने ‘नोंद कशासाठी’ हा प्रश्न अग्रस्थानी आणला.

ज्ञानेश्वरीची कसोटी

प्रतिमानाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी ज्ञानेश्वरीच्या उदाहरणावरून स्पष्ट होतात. शके १२१२ (इ. स. १२९०) मधील ही कृती आज आपल्यापर्यंत एकाच पाठातून आलेली नाही. संत एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व मानलेल्या हस्तलिखितावरून निराळी संहिता प्रसिद्ध केली. प्रतिमानाच्या भाषेत या एका कृतीच्या दोन अभिव्यक्ती होत. भाषिक अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने यांपैकी कोणता पाठ हाती घेतला यावर त्याचे निष्कर्ष अवलंबून असतात. सपाट तालिकेत हा भेद दिसत नाही. तो दाखविण्याची सोय प्रतिमानात आहे. येथवर प्रतिमान उपकारक ठरते.

अडचण पुढे येते. भाषांतर ही मूळ कृतीचीच अभिव्यक्ती, परंतु भावानुवाद, पुनर्लेखन व रूपांतर या स्वतंत्र कृती, अशी सीमारेषा एफआरबीआरने आखली आहे. मग सातशे श्लोकांच्या गीतेवर सुमारे नऊ हजार ओव्यांत विस्तारलेली भावार्थदीपिका स्वतंत्र कृती ठरते, हे उचितच होय. परंतु सार्थ ज्ञानेश्वरीतील आधुनिक मराठी गद्याचे काय? तेराव्या शतकातील मराठीचे ते भाषांतर मानावे की भावानुवाद? स्वामी स्वरूपानंदांची ‘अभंग ज्ञानेश्वरी’ त्याच आशयाला अभंगाचे रूप देते. तिला नवी कृती म्हटल्यास सांप्रदायिक वाचकाच्या अनुभवाशी ते जुळेल काय? शिवाय सार्थ आवृत्तीच्या एकाच ग्रंथात मूळ ओवी आणि गद्यार्थ या दोन गोष्टी एकत्र नांदतात. अशा संमिश्र ग्रंथांचा विचार प्रारंभीच्या प्रतिमानात अपुरा होता. एलआरएमने तो अधिक स्पष्ट केला.

कृतीची सीमा संस्कृतिपरत्वे बदलू शकते, हे एफआरबीआरच्या अहवालानेच मान्य केले आहे. ही कबुली प्रामाणिक असली, तरी निर्णयाचा भार त्यामुळे स्थानिक तालिकाकारावर येतो. निश्चित लेखक व निश्चित मूळ संहिता गृहीत धरणाऱ्या मुद्रित साहित्यात हा भार हलका असतो. कीर्तन, पाठांतर व हस्तलिखिते यांतून वाहत आलेल्या वाङ्मयात ‘मूळ’ कोणते हाच संशोधनाचा विषय असतो. तेथे तालिकेतील जोडणी ही केवळ तांत्रिक कृती राहत नाही. ती एक वाङ्मयीन भूमिका ठरते.

उपयोजनाचा प्रश्न

सर्वच संग्रहाची अशी पुनर्रचना करावी काय? ‘वर्ल्डकॅट’ या जागतिक तालिकेवरील २००३ च्या अभ्यासात सुमारे ७८ टक्के कृतींचे एकच प्रकटीकरण असल्याचे आढळले. म्हणजे बहुसंख्य ग्रंथांच्या बाबतीत चार स्तरांची उतरंड वाचकाला काहीच अधिक देत नाही. लाभ मोजक्या, पण अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी असलेल्या कृतींपुरता आहे. मनुष्यबळाची टंचाई असलेल्या महाविद्यालयीन ग्रंथालयाने म्हणूनच निवडक उपयोजनाचा मार्ग पत्करावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

त्यासाठी नव्या आज्ञावलीची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही. मार्क २१ या नोंदस्वरूपात एकरूप शीर्षकासाठी २४० आणि मूळ भाषेतील ग्रंथाच्या निर्देशासाठी ७६५ हे रकाने उपलब्ध आहेत. ते सातत्याने भरले, टीपेत संहितेची परंपरा नोंदवली आणि लेखकनामाचे प्राधिकृत रूप निश्चित केले, तर प्रतिमानाचा बराचसा लाभ पदरात पडतो. रोमन लिपीत ‘ज्ञ’चे तीन-चार प्रकारे लेखन होत असल्याने एकच ज्ञानेश्वर तालिकेत अनेक व्यक्ती होऊन बसतात. हा दोष दूर झाल्याविना कोणतेही प्रतिमान निष्फळच ठरेल.

समारोप

संकल्पनात्मक प्रतिमान तालिकाकाराला योग्य प्रश्न विचारावयास शिकविते. त्यांची उत्तरे मात्र ते देत नाही. दोन ग्रंथ एकाच कृतीची रूपे आहेत की दोन कृती आहेत, याचा निर्णय साहित्य, इतिहास व भाषाशास्त्र यांच्या जाणकाराविना होऊ शकत नाही. ग्रंथपाल आणि विषय-अध्यापक यांनी आपापल्या अभ्यासक्रमातील अशा दहा-वीस कृतींची सूची संयुक्तपणे सिद्ध करणे हे त्या दृष्टीने पहिले पाऊल होय. तालिका ही ग्रंथपालाची एकट्याची जबाबदारी मानली गेली, तर ती ग्रंथांची मोजदाद करील. ग्रंथपरंपरेची ओळख मात्र करून देऊ शकणार नाही.